मोका पॉटची कॉफी: कोणती पूड, किती आच? आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती
माळा आवरताना वडिलांचा आठ कोनांचा ॲल्युमिनियमचा मोका पॉट हाती लागला, म्हणजे शेगडीवर कॉफी करायचे भांडे: खाली पाणी, मधल्या गाळणीत पूड आणि वर तयार कॉफी. ते मालवाहू जहाजावर नोकरीला होते आणि इटलीतल्या जेनोव्हा बंदरातून त्यांनी हे भांडे घरी आणले होते. सुट्टीवर आले की रोज सकाळी ते शेगडीपाशी उभे राहत, झाकण उघडे ठेवत आणि मधल्या नळीतून गडद कॉफीची पहिली धार येऊ लागली की आम्हां भावंडांना हाक मारत. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाने १९३३ पासून ओळखले जाणारे हे भांडे इतके साधे आहे की त्यात बिघडण्यासारखी वस्तू म्हणजे रबरी रिंग. ती कडक होऊन तडकली आहे. नवी रिंग आणून मी ते पुन्हा वापरात आणणार आहे. आपण पूड कोणती घेता आणि कॉफी कशी करता, हे सविस्तर लिहावे.

बंगळुरूवासी
चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नसलेली पूड घ्या, हे सर्वांत आधी. आमच्याकडे दाक्षिणात्य फिल्टर कॉफीसाठी कॉफी आणि चिकोरीचे ८०:२० किंवा ७०:३० असे मिश्रण सर्रास मिळते आणि फिल्टरमध्ये ते शोभतेही, कारण तिथे पाणी सावकाश झिरपणेच हवे असते. मोकामध्ये मात्र चिकोरी ओली होऊन पाण्याची वाट अडवते आणि कॉफी करपट उतरते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचूनच खरेदी करावी. मी चिकमगळूरची मध्यम ते गडद भाजलेली अरेबिका जातीची कॉफी घेते, आणि दूध घालायचे असेल तर तिच्यात थोडी रोबस्टा ही अधिक कडक जात मिसळून घेते, म्हणजे दुधातही कॉफीची चव टिकते. आंबटपणा सोसत नसेल तर मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेल्या बियांची कॉफी, अवश्य करून पाहा.

कोथरूडकर
दळण फार महत्त्वाचे आहे. एस्प्रेसोच्या पुडीपेक्षा किंचित भरड आणि कागदी फिल्टरच्या पुडीपेक्षा बारीक, असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. भाजल्याची तारीख पाहून थोडीथोडीच आणावी, कारण दळलेल्या पुडीचा वास लवकर उडतो.

मिलानहून
कोथरूडकरांशी सहमत आहे. पूड गाळणीत काठोकाठ भरावी, बोटाने सारखी करावी, पण चेपू नये. पाणी झडपेच्या खालीच राहिले पाहिजे. ती झडप सुरक्षिततेसाठी असते आणि ती पाण्यात बुडवणे धोक्याचे आहे. आच मंद ठेवावी. खालच्या भांड्यातली हवा आणि वाफ तापून पाण्याला वर ढकलते, त्यामुळे मोठ्या आचेवर पाणी पुडीतून घाईने निघून जाते आणि कडवटपणा तेवढा उरतो. धार मधाच्या रंगाची झाली की लगेच भांडे उतरवावे आणि त्याच्या बुडाला ओले फडके लावावे. फसफस आवाज येईपर्यंत थांबू नये. आधी उतरलेली कॉफी दाट आणि नंतरची पातळ असते, म्हणून कपात ओतण्यापूर्वी चमच्याने ढवळणे मला आवश्यक वाटते.

ठाण्याची सून
इंडक्शनवर ॲल्युमिनियमचे भांडे तापतच नाही, त्यामुळे आम्ही चुंबक चिकटेल अशा बुडाचा स्टीलचा पॉट घेतला. सासूबाई गॅसवरच करतात, पण छोटे भांडे बर्नरच्या जाळीवर डळमळते, म्हणून त्या वर आणखी एक लहान जाळी ठेवतात. त्यांना जायफळाशिवाय कॉफी चालत नाही! जायफळ गाळणीत घालावे की दुधात?

मिलानहून
ताई, दुधातच घाला. गाळणीत कॉफीखेरीज काहीही घालू नये, असे माझे ठाम मत आहे. जायफळ आयत्या वेळी किसून गरम दुधात घातले की त्याचा वास कॉफीला अधिक खुलवतो. माझी आजी कॉफीत वेलचीही घालत असे आणि तिच्या हातच्या कॉफीची मला इथे रोज आठवण येते.

अमरावतीकर
आपल्या चिखलदऱ्याचे नाव अजून कोणीच घेतलेले नाही, म्हणून आवर्जून लिहितो. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या या गावाच्या परिसरात कॉफी पिकते. तिकडे गेलात तर तिथली पूड जरूर आणा. आम्ही घरी तीच वापरतो.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. चिखलदऱ्याची कॉफी वडिलांना पाजता आली असती तर फार आनंद झाला असता. आणखी एक विचारते: भांडे सहा कपांचे आहे आणि पिणारे आम्ही दोघेच. पाणी आणि पूड निम्मी घेतली तर चालेल का?

बंगळुरूवासी
नको. अर्धवट भरलेल्या गाळणीतून पाणी नीट झिरपत नाही आणि कॉफी पांचट होते. दोघांसाठी तीन कपांचे भांडे वेगळे घ्यावे. त्यात साधारण १५ ग्रॅम पूड मावते. 'कप' म्हणजे इथे अगदी लहान, काळ्या कॉफीचा कप धरलेला असतो, आपला चहाचा कप धरून हिशेब करू नये.

मिलानहून
रिंग आणायला जाताना जुनी रिंग सोबत न्यावी, कारण भांड्याच्या मापाप्रमाणे ती बदलते. नवी बसवल्यावर पहिल्या एक-दोन वेळची कॉफी ओतून द्यावी. ॲल्युमिनियमचे भांडे डिशवॉशरमध्ये काळे पडते, म्हणून ते हातानेच धुवावे आणि सुटे भाग पूर्ण कोरडे झाल्यावरच जोडावेत.