वायर कुणी कापली?

ए-३०२ काकू: कालपासून टीव्हीवर 'नो सिग्नल'. जेमिनीवरची तेलुगू मालिका बुडाली म्हणून सासूबाई सकाळपासून माझ्याशी बोलेनात. गच्चीवरची वायर कुणी कापली?

सेक्रेटरी: नमस्कार. गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू आहे. मीटिंगला आला असता तर कळलं असतं.

ए-३०२ काकू: त्या दिवशी पाणी आलं होतं. सोलापुरात राहता ना तुम्ही? नळ सोडून चहा-बिस्किटाला येऊ होय?

सी-४०१: काकू, केबल काढूनच टाका की वो. वायफाय घ्या. मी दोन वर्षं झाली, केबलवाल्याचं तोंड बघितलं नाही.

बी-१०२ आप्पा: वायर कुणी कापली?

ए-२०४ सर: जरा हिशेब करा. २०१९ ला ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हा १०० चॅनेलला १३० अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये. पे चॅनेल वेगळे. तेव्हा याच ग्रुपवर किती रडारड! आता स्टार प्रवाहला जिओहॉटस्टार, झी मराठीला झी५, काकूंच्या जेमिनीला सन नेक्स्ट, वर वायफायचं बिल. स्वस्त कुठं पडलं?

सी-४०१: सगळं एकदम कशाला घेताय सर? एक महिना हे, एक महिना ते.

ए-३०२ काकू: सासूबाई ८१ च्या आहेत. रिमोटवर तेलुगूच्या आकड्यांना मी नेलपेंटचे ठिपके लावलेत, ते दाबतात. ॲप कुठनं उघडणार त्या?

बी-१०२ आप्पा: वायर कुणी कापली, एवढंच विचारतोय.

सी-२०१ वहिनी: मॅचचं पण तेच. खाली केबलवाले विकेट पडली म्हणून ओरडतात, आमच्या मोबाइलवर बॉलर अजून पळतच असतो.

बी-३०३: 😂 भावाचा पासवर्ड वापरल्यावर असंच होणार.

सी-२०१ वहिनी: नेटफ्लिक्सनं ते जुलै २०२३ लाच बंद केलं. आमची चौकशी राहू द्या, आधी आमच्या पार्किंगमधली तुमची गाडी काढा.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. फ्री डिश लावा, महिन्याचं भाडं नाही.

ए-२०४ सर: छत्री कुठं लावायची? गच्चीत खिळा मारायचा नाही, हा ठराव कुणाचा?

बी-१०२ आप्पा: वायर कुणी कापली?

सी-४०१: आप्पा, मीच. फायबरवाला म्हणाला जुनी आहे. मला वाटलं बंदच असेल. सॉरी काकू.

ए-३०२ काकू: बरं. ते सन काय ते लगेच घेऊन ठेव. सासूबाई लिफ्टमध्ये आहेत, तुझ्याकडेच येताहेत.