समुद्रात जाणारं पाणी खरंच वाया जातं का?

त्र्यंबकरोड (धागाकर्ती):
नाशकात पश्चिमवाहिनी नद्यांचा विषय निघाला की ठरलेलं ऐकू येतं: पाणी समुद्रात वाया जातंय, गोदावरीत वळवा. अप्पर वैतरणेच्या पाण्यासाठीही हीच मागणी आहे. मला हे पटत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मध्ये समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत गोडं-खारं पाणी मिसळतं, म्हणून शिवल्या आणि कालवं हे खायचे शिंपले वाढतात. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला चिखलात उतरून ती वेचणाऱ्या बायकांची घरं त्यावर चालतात. आता टोपली पूर्वीसारखी भरत नाही. वळण योजनांच्या हिशोबात या बायका आहेत कुठे?

चांदवडकर:
ताई, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा भांडण ठरलेलं. पावसाळ्यातलं पुराचं पाणी अडवलं तर शिवल्यांचं काय बिघडतं? उलट गोड्या पाण्याचा लोंढा आला की त्या मरतात. खाडी मारली ती सांडपाण्याने आणि रेतीवाल्यांनी. ते पाप नाशिकच्या माथी कशाला?

त्र्यंबकरोड:
लोंढ्याने मरतात, मान्य. पण नदी गाळ आणि रेतीही आणते, आणि शिवलीचं पिल्लू त्याच रेताड चिखलात रुजतं. शिवाय अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर या तिन्ही धरणांचं पाणी आधीच मुंबईला जातं. राहिलेलंही वळवलं तर पावसाळ्यानंतर खाडीला गोडं पाणी कुठून मिळणार?

सिडकोतली वसईकर:
माझं माहेर खाडीकाठचं, म्हणून दोघांनाही सांगते. सक्शन पंपाने रेती उपसली की शिवल्या बसतात तो थरच निघून जातो. वैतरणेच्या रेल्वे पुलालासुद्धा या उपशाने धोका झाला होता. माल कमी झाला, तशी पोटापायी बारीक शिवलीही टोपलीत जाऊ लागली, म्हणजे पुढच्या वर्षीचं बीही गेलं. माझ्या मामीने खाडी सोडली, आता धुणीभांडी करते. केरळात अष्टमुडी तलावावर डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढायला बंदी असते. 2014 मध्ये तिथल्या शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आपल्याकडे असं का होऊ नये?

चांदवडकर:
आणि बंदीच्या तीन महिन्यांत त्या बायकांनी खायचं काय?

सिडकोतली वसईकर:
दादा, गाडं तिथेच अडतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत निदान बोटवाल्याची नोंद तरी सरकारकडे असते. हाताने वेचणारीकडे ना होडी, ना परवाना. भरपाईची यादी निघाली तर तिचं नाव येणार कसं? आधी प्रत्येक खाडीवर वेचणाऱ्यांची नोंद करा, मग बंदीच्या काळात भत्ता द्या.

त्र्यंबकरोड:
आणि ही नोंद पाणी वळवण्याआधी व्हायला हवी. नंतर झाली तर भरपाई मागायला कोणी खाडीवर उरलेलंच नसेल.

चांदवडकर:
नोंदीला माझा विरोध नाही, उद्या सुरू करा. पण ती होईपर्यंत योजना थांबवा म्हणाल तर नाही. आमच्या बायकाही हंडा घेऊन टँकरची वाट बघतात, त्यांनी अजून किती उन्हाळे थांबायचं?