आईच्या गुडघ्यांची तारीख ठरली आहे

ए-५०३: नमस्कार. आईचे दोन्ही गुडघे बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. चैत्रात वणीच्या गडावर जायचं म्हणते. इंदिरानगरच्या बाजूला घरी येणारा फिजिओ आहे का कुणी?

बी-२०४: फिजिओ नंतर. काकूंची शुगर किती?

ए-५०३: उपाशीपोटी १३०.

बी-२०४: ती नाही, तीन महिन्यांची सरासरी. एचबीए१सी.

ए-५०३: ८.९

बी-२०४: अहो मग घाई कसली! बरेच सर्जन ७.५-८ च्या खाली आल्याशिवाय हात लावत नाहीत. शुगर जास्त असली की जखम भरत नाही, जंतूंचं फावतं.

सी-१०१: आणि दोन्ही एकदम? हृदयावर ताण येतो, रक्त जास्त जातं. आमच्या हिचे तीन महिन्यांच्या अंतरानं केले.

सेक्रेटरी: उद्या १० ते १२ ए विंगची लिफ्ट बंद राहील.

बी-२०४: आमचं सांगते. सासूबाई गुडघा बदलून चौथ्या दिवशी घरी आल्या, बाराव्या दिवशी परत ॲडमिट. सांधा छान बसला होता. पण पायाच्या अंगठ्याला नखुरडं होतं, ते त्यांनी हळद लावून, मोजे घालून लपवलं. तारीख पुढे जाईल म्हणून! जंतू तिथूनच गेला असं डॉक्टरही छातीठोक सांगेनात, पण पाय आधी बघितला असता तर ऑपरेशन केलंच नसतं म्हणाले. घरी ड्रेसिंगमधून गुलाबी पाणी यायला लागलं, तर आम्ही शहाण्यांनी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दिलं. त्यावरून जास्त बोलणी खाल्ली. गुडघ्यातलं पाणी काढून तपासायच्या आधी गोळी पोटात गेली की जंतू बऱ्याचदा सापडतच नाही. शेवटी गुडघा उघडून धुतला, नव्या सांध्यातलं प्लास्टिक बदललं. पुढे कितीतरी आठवडे अँटिबायोटिक. म्हणून दात, नखं, लघवीची जळजळ, सगळं आधी बघून घ्या.

ए-५०३: बापरे. दिवाळीत गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं, ते चालेल ना?

डी-६०२ (सिस्टर): स्टिरॉइडचं असेल तर त्यानंतर तीन महिने थांबतात. सर्जनना आवर्जून सांगा. हिमोग्लोबिनही बघा. आणि काकू मिश्री लावतात का?

ए-५०३: छे, कधीच सोडली.

डी-६०२ (सिस्टर): नीट विचारा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम चिघळते. निदान महिनाभर आधी बंद हवी. नंतर घरी रक्त पातळ व्हायची गोळी चुकवायची नाही. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, पण पाय सरळ व्हायचा राहतो.

सी-१०१: रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं. आमची ही तिथेच घसरली होती, थोडक्यात वाचली.

ए-५०३: आत्ता विचारलं. देवघराच्या खालच्या खणात मिश्रीची डबी निघाली. अर्धी भरलेली. उद्या सर्जनना फोन करून तारीख पुढे ढकलतो.

बी-२०४: गडावर ट्रॉली आहे म्हणावं, देवी काही रागवायची नाही. फिजिओचा नंबर एचबीए१सी खाली आलं की देते.