तपासणीच्या निकालावरून सुपरकार विश्वासार्ह ठरवावी का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाल्यावर दरवर्षी होणाऱ्या एमओटी या फिटनेस तपासणीत ऑडी आर८ गाड्या पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झालेल्या दिसल्या. त्या आधारावर येथे जुनी आर८ घ्यावी का?

उत्तर १: एमओटीत ब्रेक, टायर, सस्पेन्शन, धूर पाहतात, क्लच आणि गिअरबॉक्स नव्हे, आणि सुपरकारचा मोठा खर्च बहुधा तिथेच निघतो. शिवाय या गाड्या मुळात धावतातच कमी.

उत्तर २: तरीही ती नोंद मोलाची, कारण प्रत्येक तपासणीत गाडी किती धावली ते नोंदले जाते. आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी १५ वर्षांनीच होत असल्याने सर्व्हिसच्या नोंदी आग्रहाने मागाव्यात आणि टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.