टायर बदलण्याआधी टो-इन बघा

रेलून चालवायच्या तीनचाकी सायकलचे (ट्राइक: पुढे दोन चाकं, मागे एक) 300 किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत आणि मागचा शाबूत, म्हणजे टायरला शिव्या देण्यात अर्थ नाही. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणं, बिघडलाय. माझ्या ट्राइकचंही अगदी हेच झालं होतं. कुणालातरी सीटवर बसवा (मी बायकोला बसवलं, दहा मिनिटांत वैतागली) आणि आसाच्या उंचीवर दोन्ही टायरमधलं अंतर टेपने पुढून व मागून मोजा. पुढचं 1-2 मिलिमीटर कमी हवं. टाय-रॉडचे (चाकं वळवणाऱ्या जोडदांड्याचे) चेकनट, म्हणजे तो जागेवर घट्ट धरणारे नट, सैल करून रॉड पाव-पाव फेरा फिरवत पुन्हा मोजा. रॉड दोन असतील तर दोन्ही सारखेच. बूम (पेडल बसवलेली पुढची नळी) पुढेमागे केलात तर चेनच्या कड्याही बघाव्या लागतील. साध्या सायकलची एक चेन इथे पुरत नाही, दोन-तीन जोडाव्या लागतात.