कॅम्परव्हॅन भाड्याने घेताना दिवसाच्या दरापलीकडे काय पाहावे?

प्रश्न:
आम्ही दोघे मुक्कामाची ठिकाणे आधी न ठरवता कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, फिरण्याच्या विचारात आहोत. दिवसाचा दर सगळीकडे जवळपास सारखा दिसतो. पण विमा, अनामत, किलोमीटरची मर्यादा आणि गाडी दुसऱ्या शहरात परत करण्याचे शुल्क मिळवले की एकूण खर्च फार वेगळा होतो. मार्ग ठरलेला नसलेल्या प्रवाशाने तुलना कशी करावी?

उत्तर १:
मार्ग ठरलेला नसल्यामुळे अमर्याद किलोमीटरचाच दर घ्यावा. मर्यादित किलोमीटरचा स्वस्त दर एकाच जागी बरेच दिवस राहणाऱ्यांना परवडतो. त्याहून महत्त्वाचा विमा. नुकसान झाल्यास आपल्याला स्वतः किती रक्कम भरावी लागेल, हे आधी पाहावे. ती रक्कम कमी करून घेण्यासाठी रोजचे जादा शुल्क भरले, तरी टायर, समोरची काच, छप्पर आणि गाडीचा खालचा भाग अनेक करारांत वगळलेला असतो. उंच व्हॅनचे छप्परच झाडाच्या फांदीला किंवा वाहनतळाच्या कमानीला लागण्याची शक्यता सर्वाधिक असल्याने हे कलम मला अन्यायकारक वाटते. अनामत बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, त्यामुळे तेवढी मर्यादा प्रवासात वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उत्तर २:
वरील मुद्दे योग्य आहेत, परंतु स्वतंत्र प्रवाशाचा खरा प्रश्न रात्री कुठे थांबता येईल हा असतो, आणि त्याचे उत्तर गाडीतील सोयींवर अवलंबून असते. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या कायद्याने ‘सेल्फ-कंटेन्ड’ (पाणी, सांडपाणी आणि शौचालयाची सोय गाडीतच असल्याच्या) प्रमाणपत्रासाठी वाहनात पक्के बसवलेले शौचालय आवश्यक केले. केवळ गादी आणि शेगडी असलेल्या स्वस्त व्हॅनला त्यामुळे हे प्रमाणपत्र असेल तरच रात्री थांबू देणाऱ्या कितीतरी जागा बंद झाल्या. म्हणून स्वच्छ पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या किती लिटरच्या आहेत, आणि गाडी उभी असताना दिवे व फ्रिज चालवणारी स्वतंत्र बॅटरी सौरपॅनेलवर चार्ज होते का, हे लेखी विचारून घ्यावे. वजनाकडेही लक्ष हवे. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्याची रूढ मर्यादा ३,५०० किलो आहे, आणि १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. मोठ्या व्हॅनमध्ये सामान आणि माणसे धरून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

उत्तर ३:
मालकांकडून थेट भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचाही विचार करावा. त्यांतील मांडणी बहुधा स्वतः प्रवास करणाऱ्याने केलेली असल्यामुळे ती अधिक सोयीची असते. मात्र वाटेत गाडी बंद पडली, तर मालकाकडे बदली गाडी क्वचितच असते, मोठ्या कंपनीकडे ती मिळण्याची शक्यता अधिक. कंपन्या आपल्या गाड्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पोहोचवण्यासाठी नाममात्र भाड्याने देतात, पण तिथे दिवस आणि शेवटचे ठिकाण ठरलेले असते, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या ती योजना कामाची नाही.

प्रश्नकर्ते:
सर्वांचे आभार. गाडी ताब्यात घेताना काय तपासावे?

उत्तर २:
पंप चालू करून नळाला पाणी येते का, फ्रिज गार होतो का आणि हीटर पेटतो का, हे तिथेच पाहावे. छपरासह सर्व बाजूंचे चित्रीकरण करावे आणि प्रत्येक ओरखडा ताबापत्रात नोंदवून घेतल्याशिवाय सही करू नये.