बार्बरा स्त्रोत्सी: 'लाग्रिमे मिए'ची साथ

प्रश्न: सतराव्या शतकातली इटालियन संगीतकार स्त्रोत्सी हिच्या सातव्या संग्रहातलं (व्हेनिस, १६५९) 'लाग्रिमे मिए' ('माझे अश्रू') हे गाणं बसवतोय. बासवर (सगळ्यात खालच्या सुरावळीवर) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, सुचवणारे आकडे फारच थोडे. हार्पसिकॉर्डवर (तारा छेडणाऱ्या, पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर) सुरुवातीला काय वाजवावं?

उत्तर १: शक्य तितकं कमी. बास 'ई' या सुरावर थांबलेला, आणि गळा वरच्या 'ई'वरून डी-शार्पला (बासच्या 'ई'शी खटकणाऱ्या सुराला) टेकून खाली उतरतो. ती टोचणी हेच तर रडणं! प्रत्येक सुराखाली कॉर्ड बदललीत की ती बोथट होते. ई मायनर कॉर्ड एकदाच, सावकाश पसरून द्या. आवाज विरला तरच पुन्हा.

उत्तर २: थिऑर्बो (लांब मानेचं, खालचे सूर देणारं तंतुवाद्य) मिळाला तर उत्तम. चेलो नसला तरी अडत नाही.

उत्तर ३: गायिकेला ती उतरण मात्रा मोजून म्हणायला लावू नका. लय पुढच्या गाण्यासारख्या भागात धरा. बाकी, स्त्रोत्सीचा चौथा संग्रह शोधू नका, तो हरवलाय.